‘वेट’चे घरगुती अर्थ

जवळ ये, सानिका. तू तिकडे चिखलोलीच्या तुझ्या उंच इमारतीत बसून हे पत्र वाचणार हे मला ठाऊक आहे, पण वाचताना तरी मनानं इथं कुळगावात ये, माझ्या पलंगाच्या कडेला बस, तो फोन पालथा ठेव आणि ऐक. मी रागावलेय तुझ्यावर. परवा बोटानं एकेक अक्षर शोधून मी तुला लिहिलं की बाळा, कधी येतेस, वालाचं बिरडं करते. त्यावर तुझं उत्तर आलं, ‘वेट’. बस, एवढंच. मागं ना आजी, ना गं, ना काही. माणसाला कुणी असं थांबवतं का? रिक्षात बसलीस तर बूड टेकायच्या आत उतरायची वेळ येईल इतकं आपल्यातलं अंतर, आणि म्हणे वेट.

तुला वाटलं असेल, म्हातारीला काय कळतंय इंग्रजी. अगं, त्या शब्दाशी माझी ओळख तुझ्या आईच्या जन्माआधीची. त्या एका शब्दापायी मी घरातल्या, शेजारच्या, बाजारातल्या माणसांना भंडावून सोडलं होतं. आणि नेमकं त्याच दिवसांत तुझ्या सख्ख्या आजीचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, सुभीताईचं, लग्न मोडता मोडता राहिलं. ही गोष्ट सुभीताईनं तुम्हा पोरांना कधी सांगितली नाही. सासरच्यांचं उणं तिला खपायचं नाही. ती होती तोवर मीही तोंड मिटून राहिले. आता ती नाही, तेव्हा मी लिहिते. ज्याला वाईट वाटायचं त्याला वाटो.

तुमच्या इमारतींची रांग आहे ना, तिथं तेव्हा भाताची खाचरं होती आणि खाचरांच्या टोकाला आमचं कौलारू घर. पुढं पडवी, मागं गोठा, मध्ये धुरानं काळं झालेलं स्वयंपाकघर. घरात घड्याळ नव्हतं. अंबरनाथच्या कारखान्याचा भोंगा हेच आमचं घड्याळ. पहिला भोंगा झाला की आमची आय म्हणायची, चला, भाकरी उतरली पायजे. मग तांदळाच्या भाकऱ्या थापल्याचा थप थप आवाज, तव्यावर सुका जवला परतल्याचा वास, आणि त्या वासानं गोठ्याच्या दारात येऊन बसलेली मांजरं. बाबा वांगी, दुधी, शिराळी टोपल्यांत भरून उल्हासनगरला कॅम्प पाचच्या बाजारात न्यायचे. घरात आम्ही दोघी बहिणी, आय, बाबा, आणि बाबांच्या धाकट्या भावाची बायको, आमची द्वारकाकाकी. काका नव्हते. म्हणजे होते की नव्हते तेच कुणाला माहीत नव्हतं. ते मुंबईच्या गोदीत कामाला लागले, तिथून कुठल्याशा बोटीवर चढले, आणि मग काही कळलंच नाही. कुणी म्हणे बोट बुडाली, कुणी म्हणे तिकडेच दुसरं घर केलं. काकी काहीच म्हणायची नाही. रोज सकाळी चुलीजवळच्या फुटक्या आरशात बघून ठसठशीत कुंकू लावायची, रोज रात्री काकांच्या वाटणीची भाकरी काढून झाकून ठेवायची, आणि सकाळी ती भाकरी म्हशीला घालायची. म्हैस काकीवर फार जीव टाकायची, तो यामुळेच असं बाबा म्हणायचे.

आमचे इंग्रजीचे सर अंबरनाथहून सायकलवर यायचे. पॅंटला खाली लोखंडी चाप लावलेला असायचा, तो वर्गात आल्यावर काढून टेबलावर ठेवायचे. एक दिवस त्यांनी फळ्यावर ‘वेट’ लिहिलं आणि विचारलं, अर्थ? सगळी पोरं ओरडली, थांबा! सर म्हणाले, एवढंच? मराठी एवढी गरीब आहे का रे? पुस्तकात बघायचं नाही. घरी जा, कान उघडे ठेवा, आणि या एका शब्दाला आपली माणसं काय काय म्हणतात ते वेचून आणा. ज्याचे शब्द जास्त, तो पहिल्या बाकावर. मी शेवटच्या बाकावर बसायची, माझ्यापुढं दोन उंच पोरी. मला तो पहिला बाक हवाच होता.

आयला विचारलं, कुणाला ‘वेट’ म्हणायचं असलं तर तू काय म्हणशील? ती पिठात कोपरापर्यंत बुडालेली. म्हणाली, ‘थांब म्हनंन. नी तू आता थांब, माझं डोकं खाऊ नको.’ मग मी तिच्यावर लक्ष ठेवलं, आणि एक गंमत कळली. आय माणसांना फारसं थांबवायचीच नाही. ती वस्तूंना थांबवायची. वाल फुगू दे. पीठ भिजू दे. भात निवू दे. लोणचं मुरू दे. स्वयंपाक म्हणजे अर्धा अधिक हेच, हे मला अजूनही वाटतं. तुम्ही ते पाकीट फोडून गरम पाण्यात ओतता त्यात कुणालाच मुरायला वेळ नसतो, म्हणून तर त्याला चव नाही. जाऊ दे. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, ‘दम धर.’ हे ते बैलालाही म्हणायचे, आम्हालाही, आणि चढावर टोपली डोक्यावर असली की स्वतःलाही. शेजारची सुईण म्हणाली, ‘आमच्यात कळ काढ म्हनतात गो. दुसरं काय सांगू बाईला त्या वक्ताला?’ पडवीत बसणारे म्हातारे म्हणाले खोळंबा. सुभीताईचं तेव्हा लग्न ठरलेलं, ती आपलं आपण पुटपुटली, ताटकळणं. मी विचारलं, तू कुणासाठी ताटकळतेस? तिनं मला उलथनं फेकून मारलं.

लग्नाचा लाऊडस्पीकर ठरवायला बाबा मला घेऊन कॅम्प पाचला गेले. तिथं टेकूमल काकांचं दुकान. भोंगे, पेट्रोमॅक्स, मांडवाचं कापड, सगळं भाड्यानं. बाबांची भाजी त्यांच्या घरी जायची, त्यामुळे ओळख घरगुती. मी दुकानात शिरल्या शिरल्या ग्रामोफोनच्या चकतीला हात लावायला गेले तर ते ओरडले, ‘तरस, तरस!’ मी घाबरून मागं झाले आणि म्हणाले, कुठाय तरस? ते पोट धरून हसले. ‘अरी, सिंधी में तरस मतलब रुक. थांब. तुम्हारे में क्या है?’ मी म्हटलं, आमच्यात तरस म्हणजे जंगलातलं जनावर, हाडं फोडून खातं. तर ते हसायचे थांबले आणि चकती पुसत म्हणाले, ‘बराबर है. रुकना भी जनावरच आहे, बेटा. खाता है. बटवारे के बाद हम लोग कॅम्प में आए थे ना, बोला था, थोडे दिन रुको.’ आणि बाबांना म्हणाले, भाऊ, बॅटरी नवी देतो, लेकीचं लग्न आहे.

विचारायची एकटी काकी उरली होती. तिला मी विहिरीवर गाठलं. तिनं कळशी भरली, डोक्यावर ठेवली, आणि म्हणाली, ‘हा शब्द मना नको विचारू वच्छे.’ आणि चालू लागली. मला काय, मी पोर. मला वाटलं तिला येत नाही.

आता तुला एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात तेव्हा लग्न लावायची ती धवलारीण. गाणारी बाई. हळदीपासून अक्षतांपर्यंत प्रत्येक गोष्टीचं गाणं असतं, त्याला आम्ही धवला म्हणायचो. धवल्यात सगळ्या सोयऱ्यांची नावं येतात. ज्याचं नाव घेतलं त्यानं उठून पुढं यायचं आणि आपला मान घ्यायचा. आजारी माणसालाही दोघांनी धरून आणायचं. नाव घेतल्यावर न येणं म्हणजे देवाकडे पाठ फिरवणं. आणि लग्नाच्या दिवशी धवला एकदा धरला की अक्षता पडेपर्यंत तुटू द्यायचा नाही. गळा कोरडा झाला तर मागं बसलेल्या बाया ओळ ओढून धरतात, पण तोडायचा नाही. तुटला तर नवरीचा संसार तुटतो असं मानायचे. आमची द्वारकाकाकी ही धवलारीण. आईकडून शिकलेली. पंचक्रोशीत तिला बोलावणं असायचं. सुभीताईला तर तिनं अंगाखांद्यावर वाढवलेलं, तेव्हा तिचं लग्न दुसरं कोण लावणार?

लग्नाच्या दिवशी आमच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. परसात भल्या मोठ्या हंड्यांत भात शिजत होता, दुसरीकडे वांगी-बटाट्याची भाजी, तिसरीकडे वडे तळणाऱ्या बाया एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढत होत्या. काकीनं मधोमध तांदळाच्या पिठाचा चौक रेखला, समोर मानाच्या विड्याच्या पानांची थाळी मांडली, आणि सकाळीच धवला धरला. टेकूमल काका स्वतः भोंगा घेऊन आले होते. त्यांनी माईक काकीपुढं ठेवायला आणला तर तिनं तोंड फिरवलं. ‘लोखंडाच्या तोंडान देवाचं गानं नाय घालायचं.’ मग काकांनी बिचाऱ्यांनी मध्ये मध्ये आपल्या चकत्या लावल्या.

दुपार उतरली तसं वऱ्हाड आलं. रीतीप्रमाणे ते गावाच्या वेशीवर गावदेवीच्या देवळापाशी थांबलं, आणि आमचे मामा आणि चार पुरुष वाजंत्री घेऊन त्यांना आणायला गेले. आम्ही वाट बघतोय. वाजंत्र्यांचा आवाज जवळ यायला हवा, तर तो एकदम बंदच झाला. वड्यांचा घाणा काढणारी बाई झारा हातात धरून तशीच उभी. मग मामा एकटेच बांधावरून धावत येताना दिसले. धोतर गुडघ्याच्या वर, तोंड पांढरं.

बाबा पुढं झाले. मामा म्हणाले, ‘वऱ्हाड बसलं.’

‘बसलं म्हंजे?’

‘बसलं म्हंजे बसलं! हिराजी म्हनतो, पाऊल नाय टाकायचो.’

हिराजी म्हणजे नवऱ्या मुलाचा थोरला चुलता. मुलाचा बाप गरीब गाय, सगळा कारभार या थोरल्याच्या हातात. मामा म्हणाले, त्याला कुणीतरी सांगितलंय की तुमची धवलारीण नवऱ्यानं टाकलेली. तिचा नवरा मेला का जिता, तिला स्वतःला ठावं नाय. अशा बाईची ओटी भरता येत नाही, आणि जिची ओटी भरता येत नाही तिच्या हातून आमच्या पोराचं लगीन लागायचं नाही. ‘त्यांनी त्यांची धवलारीण संगं आणलीय. म्हनतो, तुमची उठवा, आमची बसवा, मंग येतो. नाय तं गाड्या फिरवतो.’

बोलणं हळू आवाजात चाललं होतं, पण मांडव हा असा असतो की हळू बोललेलंच सगळ्यांना आधी ऐकू जातं. काकीपर्यंतही गेलं असणार. ती मान खाली घालून गात होती. आवाज एवढासाही हलला नाही. तिच्या मागच्या बाया मात्र गडबडल्या, ओळ मागं-पुढं व्हायला लागली.

मी आत सुभीताईकडे धावले. ती हळदीनं पिवळीजर्द, कपाळाला मुंडावळ्या, अंधाऱ्या खोलीत मामीजवळ बसलेली. तिनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी रुतली. ‘वच्छे, वाजंत्री का थांबली?’ मी सांगितलं. लपवता येईना. हळद लागलेली पोर आणि वऱ्हाड वेशीवरून मागं गेलं, तर पुढं काय होतं ते आम्ही शेजारच्या गावात पाहिलं होतं. ती पोर नंतर विहिरीवरसुद्धा दुपारची, कुणी नसताना जायची. सुभीताईनं मुंडावळ्या मागं सारल्या. मग म्हणाली, ‘काकीला उठवलं तं मीपन उठंन. सांग बाबांना.’ मामी म्हणाली, ‘गप गो, नवरीनं बोलायचं नसतं.’ सुभीताई म्हणाली, ‘मंग काय करायचं असतं नवरीनं?’

बाहेर आले तर बाबा काकीसमोर उभे. पागोटं हातात. थोरल्या दिरानं भावजयीशी थेट बोलायचं नसतं, म्हणून ते आयकडे वळले. ‘तिला सांग.’

आय म्हणाली, ‘तुमी सांगा. माझ्या तोंडातून नाय यायचं.’

‘पोरगीचा जल्माचा सवाल हाय.’

‘मना म्हाईत हाय कोनाचा काय सवाल हाय तो. मी तिच्या हातचं जेवते रोज. मी नाय सांगनार.’

बाबांनी मामाकडे पाहिलं. मामांनी खाली पाहिलं. सगळ्या मांडवात एक माणूस असा नव्हता की जो पुढं होऊन काकीला ऊठ म्हणेल, आणि एकही असा नव्हता की जो हिराजीला चल म्हणेल. तिकडे ते बसलेले, इकडे आम्ही उभे. उन्हं कलायला लागली. हंड्यातल्या भाताची वाफ बसली. पोरं भुकेनं रडायला लागली तशी त्यांच्या आया त्यांच्या पाठीत धपाटे घालायला लागल्या. आणि या सगळ्याच्या मध्ये काकीचं गाणं. ती जुने धवले गाऊन गाऊन संपवत होती आणि पुन्हा पहिल्यापासून धरत होती. ओठ पांढरे पडलेले. मी पाण्याचा तांब्या नेला, तर मानेनंच नको म्हणाली.

सर म्हणाले होते ना, मराठी एवढी गरीब आहे का? मला त्या वेळी, काय सांगू, सगळे शब्द एकदम आठवले. बाबा दम धरत होते, आय कळ काढत होती, सुभीताई आत ताटकळत होती, सगळ्या गावाचा खोळंबा झाला होता. आणि काकी? ती जे करत होती त्याला माझ्यापाशी शब्द नव्हता. ते नुसतं थांबणं नव्हतंच. ती बसल्या जागी कुठल्यातरी जड वस्तूला खांदा लावून उभी असल्यासारखी दिसत होती.

टेकूमल काका भोंग्याच्या बांबूजवळ बसून होते. त्यांनी चकत्या कधीच बंद केल्या होत्या. मला म्हणाले, ‘बेटा, बॅटरी बैठ रही है. संध्याकाळला थोडी राखून ठेवली. पण अब करें क्या?’ मी त्यांच्या हातातल्या माईककडे पाहिलं आणि वर भोंग्याकडे पाहिलं. त्याचं तोंड हंड्यांकडे होतं. मी म्हटलं, काका, याचं तोंड देवळाकडे करता येईल? त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बांधापलीकडे पाहिलं, मग मुकाट्यानं बांबूवर चढले. खाली आले तेव्हा सदरा घामानं चिकटलेला. म्हणाले, ‘हो गया. अब तेरी काकी का तू देख.’

मी माईक घेऊन चौकापाशी गेले. वायर लोकांच्या पायांत अडकत होती, कुणीतरी ओरडलं, कोन ती पोर, बाजूला घ्या तिला. मी काकीसमोर गुडघ्यांवर बसले आणि माईक तिच्या तोंडाजवळ धरला. सकाळी तिनं तोंड फिरवलं होतं. आता तिनं माझ्याकडे पाहिलं, गाता गाताच. मग भोंग्याकडे पाहिलं. तो कुठं बघतोय ते तिनं पाहिलं. आणि तिचं चालू गाणं वळलं. जुन्या चालीवर, पण शब्द असे की मागच्या बायांनाही ते ठाऊक नव्हते:

ये गो ये भागीबाय, वरमाय मानाची,
तुझे नावानं भरली थाली पानाची.
कोनी अडवली वाट भागीबायची?
लेक बसली मांडवान, वाट बगं सासूची.

भागीबाय म्हणजे नवऱ्या मुलाची आई. तुझी पणजी. काकीनं हिराजीचं नाव घेतलं नाही, नवऱ्या मुलाचं घेतलं नाही. वरमायचं घेतलं. तो आवाज भोंग्यातून असा बाहेर पडला की खाचरांतले बगळे उडाले. बसलेला, चिरकलेला, दिवसभर गाऊन सोललेला आवाज. तिनं तेच कडवं पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा भोंगा खरखरला, आवाज बारीक होत होत किडा गुणगुणल्यासारखा झाला, आणि बंद पडला. टेकूमल काकांनी दोन्ही हात वर केले. संपली बॅटरी.

काकी माईकशिवाय गातच राहिली. पण आता ते मांडवापुरतं. तिकडे ऐकू गेलं की नाही, कुणाला ठाऊक? बाबा बांधाकडे डोळे लावून उभे. कुणीतरी म्हणालं, गाड्या जुंपतायत वाटतं, बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय. दुसरं म्हणालं, छे, भास होतोय. मामांनी कपाळाला हात लावला. आय कधी नव्हे ती जमिनीवर बसली. मी अजूनही तो मुका माईक धरून होते आणि मला वाटत होतं की मीच काहीतरी बिघडवलं.

मग बांधावर एक हिरवं लुगडं दिसलं. मागं आणखी दोघी. वाजंत्री नाही, पुरुष नाहीत. पुढची बाई वहाणा हातात घेऊन भराभरा चालत होती, लुगड्याच्या काठाला चिखल. मांडवाच्या दारात आली तेव्हा तिला धाप लागली होती. कुणाला तिच्या पायावर पाणी घालायचंही भान राहिलं नाही.

‘कोन तो माझं नाव घेतो?’ ती म्हणाली.

काकी गात होती, तिला बोलता येत नव्हतं. तिनं फक्त थाळीकडे बोट केलं.

बाबा हात जोडून पुढं झाले. ‘विहीणबाय, थोरले काय म्हनतात...’

‘थोरले म्हनतील. ते येतील तवा येतील,’ भागीबाय म्हणाली. ‘माझे नावानं थाली भरली नी मी रस्त्यावर बसून रव्हू? मना मेल्यावर देवाला तोंड दाखवायचं नाय? पोर मी नऊ म्हैने पोटान वागवलाय, हिराजीनं नाय.’

मागच्या बायांत कुणीतरी फिसकन हसलं. कितीतरी वेळानं त्या मांडवात कुणी हसलं.

भागीबाय चौकापाशी आली. काकीकडे तिनं खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि नजर कपाळावर येऊन थांबली. दिवसभराच्या घामानं कुंकू भुवईपर्यंत उतरलं होतं. सगळं आता यावर होतं. भागीबाय म्हणाली, ‘कुकू लावतेस ना गो तू?’ काकीनं गाता गाता मान हलवली. ‘मंग झालं. मी काय तुझ्या घोवाला शोधाया जाऊ? तुना म्हाईत, त्याला म्हाईत.’ आणि तिनं आयला हाक मारली, ‘तांदूल आन, नारल आन. धवलारनीची ओटी पयली.’

आय धावतच सूप घेऊन आली, वाटेत तांदूळ सांडले. काकीनं पदर पसरला. भागीबायनं ओंजळ भरली, एकदा, दोनदा, वर नारळ ठेवला, आणि आपल्या अंगठ्यानं काकीचं ओघळलेलं कुंकू पुसून तिथं नवीन लावलं. तेवढ्या वेळात, सकाळपासून पहिल्यांदा, काकीचा आवाज तुटला. ओठ हलत होते, पण आवाज येईना. तशी मागं बसलेल्या बायांनी एकदम ओळ उचलली. सगळ्यांनी. वडे तळणाऱ्या बायांनीसुद्धा तिकडून धरली. धवला तुटला नाही.

पुढं मग वऱ्हाड आलंच. आई मांडवात गेल्यावर नवरा मुलगा किती वेळ बसणार? तो आधी आला, त्याच्या मागं त्याचा बाप, मग वाजंत्री. त्यांच्याबरोबरची ती दुसरी धवलारीणही आली, आणि न बोलता काकीच्या मागं बसून ओळ ओढायला लागली. हिराजी सगळ्यात शेवटी आला. मांडवाच्या बाहेर पाठ करून बसला, जेवणाच्या पानाला हात लावला नाही, आणि तो जिवंत असेपर्यंत आमच्या दारी त्यानं पाणी घेतलं नाही. सुभीताईला सासरी त्यानं बरंच सोसायला लावलं. ते सगळं गोड झालं असं मी कशाला खोटं लिहू? पण भागीबाय तिच्या मागं भिंतीसारखी होती.

शाळेत गेले तेव्हा सरांनी विचारलं, काय गं, शब्द? मी उभी राहिले आणि सांगत सुटले. थांब, दम धर, कळ काढ, मुरू दे, निवू दे, खोळंबा, ताटकळणं, तरस. तरसाला वर्ग हसला. सरांनी सगळे फळ्यावर लिहिले, फळा भरला, आणि मला पहिला बाक मिळाला. मग ते म्हणाले, यातला नेमका कुठला? मी म्हटलं, सर, कोण थांबलंय त्यावर आहे. ते हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि फळा त्या दिवशी पुसू दिला नाही. काकीचं मी त्यांना काही सांगितलं नाही. पुढं मी शाळा सोडली, पण शब्द वेचायची खोड सुटली नाही. भाजीच्या टोपलीत यायचे त्या रद्दी कागदांवरून वाचत वाचत इथवर आले.

काका आले नाहीत. कधीच. काकी खूप म्हातारी होऊन गेली, इथंच, या कुळगावच्या घरात, माझ्याजवळ. शेवटी तिला न्यायच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, हिच्या कपाळाला लावायचं की नाही? कुणी पुढं होईना. तेव्हा तुझी आजी उठली. गुडघे दुखत होते तिचे, भिंतीला धरून उठली. कोयरीतलं कुंकू अंगठ्यावर घेतलं आणि काकीच्या कपाळाला चांगलं रुपयाएवढं लावलं. आणि सगळ्यांकडे बघत म्हणाली, ‘माझे सासूनं लावलं होतं. आता मी लावते. कोनाला काय म्हनायचं हाय?’

ती तुझी आजी, सानिका. तिचे डोळे तुझ्यात आलेत, आणि तू मला भेटत नाहीस. मला गाता येत नाही, भोंगाही नाही. साधं नाव घेऊन सांगते. सानिका, ये. सुट्टी बघू नकोस, दिवस बघू नकोस. जेवायच्या वेळेला ये, नाहीतर अवेळी ये, काम अर्धं टाकून ये. दार लोटलेलंच असतं, कडी लावलेली नसते. ये गं, लवकर ये.